खेद सांगणारी इंग्रजी क्रियाविशेषणे : ‘अनफॉर्च्युनेटली’ केव्हा आणि ‘रिग्रेटफुली’ केव्हा?

निवासी शाळेत इंग्रजी शिकविणाऱ्यांच्या वाट्याला पाठ्यपुस्तकाइतकेच विद्यार्थ्यांचे अर्जही येतात. रजेचा अर्ज, उशिरा आल्याचा अर्ज, हरवलेल्या पुस्तकाचा अर्ज, फुटलेल्या काचेचा अर्ज. आठवीपासून हे अर्ज इंग्रजीत लिहावेत असा आपल्या शाळेचा प्रघात आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना तो अजून आठवत असेल. या अर्जांत एक शब्द हटकून भेटतो : ‘अनफॉर्च्युनेटली’. उच्चाराला भारदस्त, लिहायला अवघड आणि एकदा स्पेलिंग पाठ झाले की कोठेही वापरावासा वाटणारा.

काही वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलाने अर्ज लिहिला : ‘अनफॉर्च्युनेटली, आय ब्रोक द विंडो.’ आम्ही पहिल्या शब्दाखाली लाल रेघ ओढली. मधल्या सुटीत तो वही घेऊन आला आणि म्हणाला, “सर, स्पेलिंग तर बरोबर आहे. मग चुकलं काय?” व्याकरणाच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते. शब्द जागेवर होता, स्वल्पविराम जागेवर होता, क्रियापदाचा काळ बरोबर होता. तरीही रेघ ओढताना आमचा हात अडखळला नव्हता. का, हे त्या दिवशी त्याला नीट सांगता आले नाही. त्याच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्यासाठी स्मरणिकेची ही पाने आम्ही मागून घेतली आहेत. माजी विद्यार्थ्यांना यात जुना तास आठवेल आणि पालकांना घरी मुलांचा अभ्यास घेताना उपयोग होईल, अशी आशा आहे.

एक शब्द, दोन जागा

क्रिया कशी घडली हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. मराठीत दुःखाची क्रियाविशेषणे आपण बहुधा तृतीयेच्या ‘ने’ प्रत्ययाने करतो : दुःखाने, खेदाने, नाइलाजाने, जड अंतःकरणाने. कधी ‘पणे’ लावतो : खिन्नपणे, विषण्णपणे, हताशपणे. कधी संस्कृत वळणाने ‘सखेद’ किंवा ‘खेदपूर्वक’ म्हणतो. इंग्रजीत यातील बरेचसे काम ‘ली’ हा एकच प्रत्यय करतो. जुन्या इंग्रजीत या प्रत्ययाच्या मुळाशी ‘देह, रूप’ या अर्थाचा शब्द होता. त्यामुळे ‘सॅडली’ म्हणजे मुळात ‘दुःखाच्या रूपाने’ असे समजण्यास हरकत नाही.

घोटाळा पुढे होतो. हा शब्द वाक्यात दोन वेगवेगळ्या जागी बसतो आणि जागेप्रमाणे दुःखाचा मालक बदलतो. पुढील दोन वाक्ये पाहावीत.

‘ही सॅडली क्लोज्ड द डोअर.’ त्याने खिन्नपणे दार लावले.

‘सॅडली, ही क्लोज्ड द डोअर.’ दुःखाची गोष्ट ही की त्याने दार लावले.

पहिल्या वाक्यात दुःख दार लावणाऱ्याच्या मनात आहे. दुसऱ्या वाक्यात ते सांगणाऱ्याच्या मनात आहे. दार लावणारा कदाचित हसतही असेल. पहिल्या प्रकारच्या शब्दाला आपण रीतिवाचक क्रियाविशेषण म्हणतो, कारण तो क्रियेची रीत सांगतो. दुसऱ्याला ‘संपूर्ण वाक्याचे क्रियाविशेषण’ म्हणता येईल. घडलेल्या सगळ्या गोष्टीकडे सांगणारा कोणत्या नजरेने पाहतो, एवढेच तो शब्द सांगतो. मराठीत हा भेद वेगळ्या शब्दरचनेने दाखविला जातो. इंग्रजीत तो बऱ्याचदा केवळ शब्दाची जागा आणि त्यापुढील स्वल्पविराम यांवर उभा असतो.

स्वल्पविराम ही क्षुल्लक बाब नव्हे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या नियोजित भाषणातील काही भाग बदलावा अशी इच्छा दाखविली, तेव्हा आपण त्यातील एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे त्यांनी कळविले होते. परिषद झाली नाही, भाषण दिले गेले नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले. तो प्रश्न अर्थातच विरामचिन्हांचा नव्हता, आपल्या शब्दाची जबाबदारी घेण्याचा होता. आमचा पाठही शेवटी तेथेच पोहोचणार आहे.

‘फुल’ आणि ‘एबल’

आता दोन जुळ्या दिसणाऱ्या शब्दांकडे वळू : ‘रिग्रेटफुली’ आणि ‘रिग्रेटेबली’. दोघांचे मूळ एकच, ‘रिग्रेट’ म्हणजे खेद. फरक मधल्या प्रत्ययात आहे. ‘फुल’ म्हणजे भरलेला. म्हणून ‘रिग्रेटफुली’ म्हणजे खेदाने भरलेल्या मनाने. असे मन फक्त माणसाचे असते. ‘एबल’ म्हणजे योग्य, पात्र. म्हणून ‘रिग्रेटेबली’ म्हणजे खेद करण्याजोगी गोष्ट अशी की. हे घटनेचे वर्णन आहे.

‘शी रिग्रेटफुली डिक्लाइन्ड द इन्व्हिटेशन.’ तिने खेदपूर्वक निमंत्रण नाकारले. खेद तिला आहे.

‘रिग्रेटेबली, द लायब्ररी वॉज क्लोज्ड.’ ग्रंथालय बंद होते, ही खेदाची बाब. ग्रंथालयाला खेद होत नाही. म्हणून येथे ‘रिग्रेटफुली’ शोभणार नाही.

इंग्रजी वृत्तपत्रांतही या दोन शब्दांची सरमिसळ आढळते आणि काही शब्दकोशांनी तिची नोंद घेतली आहे. तरीही काळजीपूर्वक लिहिणारे लोक हा भेद पाळतात. आमच्या विद्यार्थ्यांनीही तो पाळावा असा आमचा आग्रह असतो. खूण सोपी आहे : वाक्यात खेद बाळगणारा माणूस दाखविता आला तर ‘फुली’, नुसती घटनाच समोर असेल तर ‘एबली’.

याच रीतीने बाकीचे शब्द दोन रांगांत लावता येतात. पहिली रांग मनाची : ‘सॉरोफुली’ म्हणजे दुःखाने, ‘मोर्नफुली’ म्हणजे शोकाकुल होऊन, ‘टिअरफुली’ म्हणजे साश्रु नयनांनी, ‘रूफुली’ म्हणजे स्वतःच्याच चुकीवर खिन्नसे हसत, ‘रिमोर्सफुली’ म्हणजे पश्चात्तापाने, ‘अपॉलोजेटिकली’ म्हणजे क्षमा मागत, ‘रिलक्टंटली’ म्हणजे मन नसताना. दुसरी रांग घटनेची : ‘अनफॉर्च्युनेटली’ आणि ‘अनलकिली’ म्हणजे दुर्दैवाने, ‘रिग्रेटेबली’ म्हणजे खेदाची गोष्ट अशी की, ‘ट्रॅजिकली’ म्हणजे अत्यंत शोककारक असे की. ‘सॅडली’ आणि ‘अनहॅपिली’ हे दोन शब्द मात्र दोन्ही रांगांत उभे राहतात, म्हणून त्यांची जागा जपून ठरवावी लागते.

दोन सूचना येथेच देतो. ‘सॉरी’ हा शब्द क्रियाविशेषण नाही, तो विशेषण आहे. म्हणून ‘आय सॉरी’ असे न लिहिता ‘आय ॲम सॉरी’ असे लिहावे. आणि ‘अलास’ हा शब्द क्रियाविशेषणासारखा वाक्यारंभी आला, तरी तो आपल्या ‘अरेरे’सारखा केवलप्रयोगी आहे. आजच्या अर्जात तो नाटकी वाटतो.

चावणारे आणि पोळणारे शब्द

शब्दांच्या मुळाशी गेले की पाठांतर सुकर होते. ‘सॅड’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ ‘तृप्त, पोटभर झालेला’ असा होता. त्यावरून ‘जड’ आणि पुढे ‘दुःखी’ असा अर्थ आला. आपणही दुःखात ‘मन भरून आले’ आणि ‘अंतःकरण जड झाले’ असेच म्हणतो. ‘सॉरी’ या शब्दाचे नाते ‘सोअर’शी, म्हणजे ठणकणाऱ्या जखमेशी आहे. ‘रिग्रेट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तेथे त्याचा अर्थ गेलेल्या माणसासाठी विलाप करणे असा होता. ‘रिमोर्स’ या शब्दाचे लॅटिन मूळ ‘पुन्हा चावणे’ असे आहे. केलेली चूक ज्याचे ‘मन खाते’, त्याला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इंग्रजी खेद चावतो, तर आपला पोळतो. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. पालीतील ‘अनुतप्पति’ या क्रियापदातही तोच ताप आहे. धम्मपदाच्या बालवग्गात तथागतांनी सत्कर्माची कसोटी याच शब्दाने सांगितली आहे : जे केल्यावर मागाहून पोळते, ते कर्म नीट केलेले नव्हे. शिवाय मराठीत हळहळ, चुटपुट, रुखरुख असे बारीक छटांचे घरगुती शब्द आहेत. दुसऱ्याच्या नुकसानीची हळहळ वाटते, थोडक्यात हुकलेल्या गोष्टीची चुटपुट लागते आणि रुखरुख वर्षानुवर्षे राहते. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाने आधी स्वतःच्या मनात यांपैकी नेमके काय आहे ते ओळखावे आणि मग इंग्रजी शब्द शोधावा.

दैवाच्या नावावर

आता त्या लाल रेघेकडे येतो. ‘अनफॉर्च्युनेटली’ या शब्दात ‘फॉर्च्युन’ आहे. फॉर्च्युना ही रोमन लोकांची भाग्यदेवता. मराठीत त्याचे भाषांतर ‘दुर्दैवाने’ असे होते आणि त्यात दैव येते. आज हे दोन्ही शब्द उच्चारताना कोणी देवतेचे स्मरण करीत नाही, हे आम्ही जाणतो. पाऊस न पडणे, एस. टी. बंद पडणे, परीक्षेच्या दिवशी ताप येणे यांसाठी हा शब्द खुशाल वापरावा. तो टाकून द्या असे आमचे म्हणणे नाही. पण काच फोडणारा हात स्वतःचा असेल, तर ती घटना दैवाच्या खात्यावर लिहिणे बरोबर नाही. वाक्याचा कर्ता ‘आय’ आहे आणि वाक्याच्या दारात मात्र दैवाला उभे केले आहे. रेघ त्यासाठी होती. त्या मुलाने ‘आय ॲम सॉरी दॅट आय ब्रोक द विंडो’ एवढेच लिहिले असते, तर वाक्य साधे झाले असते आणि खरेही.

हा भेद आपल्या समाजाला परका नाही. आपल्या जिल्ह्याला लागूनच असलेल्या नाशिक जिल्ह्यातील येवला येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तिचा आशय घराघरांत ठाऊक आहे : जन्म कोठे व्हावा हे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरायचे की नाही हे आपल्या हाती आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर त्या घोषणेचा पूर्वार्ध ‘अनफॉर्च्युनेटली’चा आहे. उत्तरार्धात त्या शब्दाला जागाच नाही. जे हाती नव्हते आणि जे हाती आहे, यांमध्ये त्यांनी स्पष्ट रेघ ओढली आणि २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला उत्तरार्ध खरा करून दाखविला. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात, आजच्या दैन्याचे कारण गेल्या जन्मीच्या कर्मात शोधणाऱ्या मताला त्यांनी नकार दिला आहे. तसे मानले की गरिबाच्या दुःखाची जबाबदारी समाजावर आणि राज्यावर राहतच नाही, हे त्याचे कारण.

कबुलीची परंपरा

आपली चूक आपल्या नावावर लिहिणे ही धम्मातील जुनी शिस्त आहे. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात राजा अजातसत्तू आपल्या पित्याच्या, बिंबिसाराच्या, हत्येची कबुली तथागतांपुढे देतो. तथागतांनी ती कबुली स्वीकारली. दोष हा दोष म्हणून पाहणे, तो उघड करणे आणि पुढे संयम राखणे ही आर्य विनयातील वाढच होय, असे त्यांनी सांगितले. मात्र राजा निघून गेल्यावर भिक्षूंना त्यांनी हेही सांगितले की, या कृत्यामुळे राजाने स्वतःची मोठी हानी करून घेतली आहे. कबुली दिली म्हणून परिणाम पुसला जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

वर्षावासाच्या अखेरीस भिक्षुसंघात पवारणा होते. माझ्याकडून घडलेला दोष कोणी पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर सांगावा, अशी विनंती प्रत्येक भिक्षू संघाला करतो. विनयातील हलक्या अपराधाला ‘दुक्कट’ असे नाव आहे, म्हणजे वाईट रीतीने केलेले. पाथर्डीकरांच्या कानांना हा शब्द ओळखीचा वाटेल. आपले गाव जैन धार्मिक शिक्षणाचे जुने केंद्र आहे. आचार्य आनंदऋषीजींचा जन्म १९०० साली याच तालुक्यातील चिचोंडी येथे झाला. संवत्सरीला जैन बांधव परस्परांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात. त्यातील ‘दुक्कड’ आणि पालीतील ‘दुक्कट’ हा एकच शब्द, संस्कृतातील दुष्कृत. शेजारच्या घरातील ही क्षमायाचना आणि आपल्या विहारातील पवारणा यांच्या मुळाशी एकच समज आहे : चूक झाली ती माझ्याकडून.

पण याला दुसरी बाजूही आहे. केलेल्याची आणि न केलेल्याची सतत बोचणी लागणे, ज्याला पालीत ‘कुक्कुच्च’ म्हणतात, ते ध्यानातील पाच नीवरणांपैकी एका नीवरणाचा भाग मानले आहे. म्हणजे ती वाटेतील अडथळाच होय. जो दोष आपला नाही तो अंगावर घेऊन झुरत बसणे ही काही नम्रता नव्हे. हे आम्हांला एका दुसऱ्या अर्जाने शिकविले.

दुसरा अर्ज

आपल्या तालुक्यातील किती कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, हे येथील वाचकांना सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. फडाशेजारच्या कोपीवर धाकट्या मुलांना सांभाळायला कोणीतरी लागते. नववीतील एक मुलगी दिवाळीच्या सुटीत घरी गेली आणि परतली ती होळीनंतर. आल्यावर तिने रीतीप्रमाणे अर्ज दिला. त्यात लिहिले होते : ‘रिग्रेटफुली, आय डिड नॉट कम टू स्कूल फॉर फोर मंथ्स.’

व्याकरणाचा धडा तिने तंतोतंत पाळला होता. दैवाचे नाव घेतले नव्हते, खेद स्वतःच्या नावावर लिहिला होता. आणि तरीही तो शब्द चूक होता. काच फोडणाऱ्या मुलाने आपली चूक दैवावर टाकली होती, या मुलीने दुसऱ्यांची चूक आपल्यावर घेतली होती. चार महिने धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीने कशाचा पश्चात्ताप करायचा? आम्ही तो शब्द खोडला आणि वाक्य असे केले : ‘आय हॅड टू स्टे अवे फॉर फोर मंथ्स.’ मला चार महिने दूर राहावे लागले. ‘हॅड टू’मध्ये सक्ती आहे आणि तेवढे पुरेसे आहे. प्रत्येक दुःखाच्या वाक्याला क्रियाविशेषण लागतेच असे नाही.

मग आम्हांला आमच्याच कपाटातील एक पत्र आठवले. डिसेंबरात त्या मुलीच्या वडिलांच्या नावे शाळेतून छापील नमुन्याचे पत्र गेले होते. त्याचा आरंभ ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ असा होता. आई-वडील फडावर होते, घराला कुलूप होते. आम्ही खेद कळविला होता तो एका बंद दाराला. त्या पत्रात खेद होता, पण तो कोणाचा आणि कशाबद्दल, हे लिहिणाऱ्यांनी स्वतःला विचारले नव्हते. फडावर जाऊन तिला परत आणण्याचा प्रयत्न आमच्यापैकी कोणी केला नव्हता. तेव्हा या प्रकरणात ‘रिग्रेटफुली’ हा शब्द जर कोणाच्या वाक्यात बसत असेल, तर तो आमच्या : ‘वी रिग्रेटफुली ॲडमिट दॅट वी डिड नॉट गो टू फाइंड हर.’ तिला शोधायला आम्ही गेलो नाही, हे आम्ही खेदपूर्वक मान्य करतो.

त्या मुलीला नववीचे वर्ष पुन्हा काढावे लागले. आमच्या कबुलीने ते वर्ष परत आले नाही. मात्र तेव्हापासून दिवाळीची सुटी लागण्याआधी आम्ही फडावर जाणाऱ्या पालकांशी बोलतो आणि धाकट्या भावंडांची सोय कोठे होईल ते पाहतो. सुटी संपून कोणी आले नाही, तर आधी माणूस जातो आणि पत्र नंतर. छापील नमुन्यातील ते पहिले वाक्य आम्ही काढून टाकले आहे.

स्वाध्याय

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी घरच्या मुलांबरोबर पुढील वाक्ये इंग्रजीत लिहून पाहावीत. प्रत्येक वेळी आधी एकच प्रश्न विचारावा : हे कोणाच्या हाती होते?

१. पावसामुळे सहल रद्द झाली. (कोणाच्याच हाती नव्हते. ‘अनफॉर्च्युनेटली’ चालेल.)

२. मी मित्राचे पुस्तक हरवले. (माझ्या हाती होते. ‘आय ॲम सॉरी’ने आरंभ करावा.)

३. तिने शिष्यवृत्ती नाइलाजाने सोडली. (मन तिचे आहे. ‘रिलक्टंटली’ घ्यावे आणि ते क्रियापदाजवळ ठेवावे.)

४. वस्तीवरच्या मुलांना अजून शाळेपर्यंत रस्ता नाही. (दैवाचा संबंध नाही, मुलांचा दोष नाही. ‘रिग्रेटेबली’ लिहावे आणि पुढच्या वाक्यात रस्ता कोणी करावयाचा तेही लिहावे.)

५. आनंद दाराच्या चौकटीला टेकून रडला. (तथागतांच्या महापरिनिर्वाणापूर्वीचा प्रसंग. दुःख आनंदाचे आहे. ‘सॉरोफुली’ किंवा ‘टिअरफुली’.)

काच फोडणारा तो मुलगा आता मोठा झाला आहे. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली, तर त्याच्या त्या मधल्या सुटीतल्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळेल. ते द्यायला आम्हांला फार उशीर झाला. हा उशीर दुर्दैवाने झाला नाही, आमच्याकडून झाला.